अर्ध्या तिकिटाचा हिशोब: पदवीला धोरण विश्लेषण कसं शिकायचं

धोरण विश्लेषणाचा पेपर घेतलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात सांगते, एक योजना धरा आणि सत्र संपेपर्यंत तिचा पिच्छा सोडू नका. व्याख्या, टप्पे, विचारवंतांची मतं हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे आणि ते वाचायचंच आहे. पण वर्षाच्या शेवटी वीस योजनांची नावं, वर्षं आणि उद्दिष्टं पाठ असलेला मुलगा आणि एकाच योजनेतला पैसा कुठून निघतो, कुणाच्या हातातून जातो आणि कुणापर्यंत पोचतच नाही हे सांगू शकणारी मुलगी, यांच्यात विश्लेषण फक्त त्या मुलीला येत असतं. आपल्याकडं एमपीएससीच्या नोट्समुळं योजना पाठ करायची सवय लागलेली असते. ती या पेपरापुरती बाजूला ठेवा.

मी फलटणला अर्थशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली आसपासच्या गावांतून एसटीनं येतात, म्हणून इथं उदाहरणही एसटीचंच घेते: महिलांना अर्धं तिकीट, म्हणजे महिला सन्मान योजना. राज्याच्या अर्थसंकल्पात ९ मार्च २०२३ ला घोषणा झाली आणि १७ मार्चपासून अंमल सुरू झाला. वयाची अट नाही, उत्पन्नाची अट नाही. साध्या लाल गाडीपासून शिवशाही-शिवनेरीपर्यंत एसटीच्या सगळ्या गाड्यांना, राज्याच्या हद्दीत, ५० टक्के सवलत. उरलेल्या निम्म्या भाड्याची प्रतिपूर्ती सरकार महामंडळाला करतं. वाचायला दोन मिनिटं लागतात अशी योजना आहे, आणि अभ्यासाला अख्खं सत्र पुरत नाही.

योजना निवडताना

"महिला सक्षमीकरण", "बेरोजगारी", "शेतकऱ्यांच्या समस्या" असे विषय घेऊन मुलं येतात, तेव्हा मी ते परत करते. ते विषय आहेत, धोरण नाहीत. धोरणाला तारीख असते, कागद असतो, पैसा असतो आणि ते राबवणारा कुणीतरी माणूस असतो. या चार गोष्टी सापडल्या की काम सुरू करता येतं. पाचवी गोष्ट मी माझ्याकडून घालते: ती योजना तुम्हाला डोळ्यांनी बघता आली पाहिजे. शाळेतला पोषण आहार, रेशन दुकानातलं पॉस मशीन, २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं आलेली प्लास्टिकबंदी, ग्रामपंचायतीचा घनकचरा, यातलं काहीही चालेल. राष्ट्रीय सुरक्षा धोरण चालणार नाही, कारण त्यातलं तुम्हाला काहीच जवळून तपासता येणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीच्या श्रेयांकांत फील्ड प्रोजेक्ट आलेला आहे. बरीच मुलं तो कुठल्या तरी संस्थेचं प्रमाणपत्र आणून उरकतात. तसं करू नका. धोरण विश्लेषणाचा पेपर आणि फील्ड प्रोजेक्ट एकाच योजनेवर ठेवायची परवानगी मार्गदर्शकांकडून आधीच घ्या, म्हणजे दोन्हीकडं मिळून पुरेसा वेळ मिळेल.

समस्येत उत्तर लपवू नका

पहिला परिच्छेद सगळ्यांचा इथंच अडतो. "महिलांना प्रवासात सवलत नव्हती, ही समस्या होती" असं वाक्य मला दर वर्षी वाचायला मिळतं. ही समस्या नाही, उत्तरच उलटं करून लिहिलेलं आहे. असं लिहिलं की सवलत देणं हाच एक मार्ग उरतो आणि विश्लेषण सुरू व्हायच्या आधी संपतं.

त्याऐवजी असं लिहून बघा: "तालुक्यातल्या खेड्यांतून काम, शिक्षण किंवा औषधोपचारासाठी बाहेर जाणाऱ्या बाईचं येण्या-जाण्याचं भाडं तिच्या दिवसाच्या मजुरीच्या मानानं जास्त आहे." हे तपासता येतं. भाडं माहीत आहे, मजुरी विचारता येते. आणि याला उत्तरंही अनेक निघतात: भाडं कमी करा, गाड्या वाढवा, दवाखाना गावाजवळ आणा, मासिक पास द्या.

आता त्याच निर्णयाकडं महामंडळाच्या खुर्चीतून बघा. मार्च २०२० पासून कोरोनामुळं गाड्या थांबल्या. मग २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. या काळात प्रवासी वडापकडं, म्हणजे खाजगी जीपकडं, आणि दुचाकीकडं गेला. तिथून बघितलं तर समस्या अशी दिसते: "एसटीपासून तुटलेला प्रवासी परत आणायचा आहे." निर्णय एकच, पण दोन वेगळ्या प्रश्नांचं उत्तर म्हणून तो वाचता येतो. तुम्ही कुठला प्रश्न धरता त्यावर पुढं यश कशाला म्हणायचं ते ठरतं. म्हणून दोन्ही लिहा, आणि कुठला धरून पुढं जाताय ते स्पष्ट सांगा.

जीआर शेवटाकडून वाचा

शासन निर्णय, म्हणजेच जीआर, राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. प्रत्येकाला एक लांबलचक संगणक सांकेतांक असतो आणि त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांत वर्ष, महिना, दिवस असतो. तो आकडा वहीत उतरवून ठेवा, कारण महिन्याभरानं तोच जीआर परत शोधताना फार उपयोगी पडतो.

मुलं जीआरची प्रस्तावना वाचतात आणि दमतात. प्रस्तावनेत बहुधा चांगले हेतू असतात, आणि ते सगळ्या योजनांत साधारण सारखेच असतात. तुम्ही शेवटाकडून सुरुवात करा. शेवटी "प्रत" म्हणून यादी असते. त्यात कुणाकुणाला कागद गेला ते कळतं, म्हणजेच राबवणारे कोण ते कळतं. महालेखापालांचं नाव असेल तर पैशाचा मामला आहे. जिल्हाधिकाऱ्यांचं नाव नसेल तर जिल्हा पातळीवर दुसरीच कुठली तरी यंत्रणा आहे. ती कुठली, हे शोधा. त्याच्या वर "वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीने" असं वाक्य आहे का बघा. ते वाक्य असेल तर तिजोरीची चावी ज्यांच्याकडं आहे त्यांनी होकार दिलेला आहे. त्याच्याही वर खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशोबातल्या कुठल्या खात्यावर, टाकायचा ते असतं. तो लेखाशीर्ष क्रमांक घेऊन अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत गेलात की तरतूद किती होती, सुधारित अंदाज किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, हे तीन आकडे वर्षावर्षानं मिळत जातात. या तीन आकड्यांमधलं अंतर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो.

जीआर आणि परिपत्रक यांत गल्लत करू नका. सरकार काय म्हणालं ते जीआरमध्ये असतं. कंडक्टरनं सोमवारी सकाळी काय करायचं ते महामंडळाच्या परिपत्रकात असतं. योजना कशी राबली हे दुसऱ्यावरून जास्त कळतं.

कशाच्या तुलनेत?

आता या अभ्यासाचा गाभा. सवलतीनंतर एसटीचे प्रवासी वाढले, असं तुम्ही लिहिलंत तर मी समासात एकच प्रश्न लिहीन: कशाच्या तुलनेत?

आदल्या वर्षाच्या तुलनेत म्हणाल, तर आदलं वर्ष संपातून सावरण्याचं होतं. त्याच्या आधीचं संपाचं. त्याच्या आधीचं टाळेबंदीचं. म्हणजे सवलत आली नसती तरी प्रवासी काही प्रमाणात परत आलेच असते. २०१९ शी तुलना करा म्हणाल, तर तेव्हा रस्त्यावर गाड्या किती होत्या, भाडं किती होतं, गावात दुचाकी किती होत्या, हे सगळं वेगळं. सरळ "आधी" आणि "नंतर" मांडून उत्तर मिळत नाही, आणि हे कळणं म्हणजेच धोरण विश्लेषण कळायला लागणं.

मग करायचं काय? ज्यांना सवलत मिळाली नाही असे शेजारी शोधायचे. पुरुषांचं भाडं १७ मार्चला बदललं नाही. संप संपल्यामुळं प्रवास वाढला असेल तर तो पुरुषांचाही वाढला असणार. म्हणून "बायका किती वाढल्या" याऐवजी "बायकांची वाढ पुरुषांच्या वाढीपेक्षा किती जास्त" हे विचारायचं. संख्याशास्त्रात याची सविस्तर पद्धत आहे, पुढं एमएला शिकालच. पण त्यामागची कल्पना दुसऱ्या वर्षाच्या मुलाला पूर्ण समजते.

इथं माझ्या एका विद्यार्थिनीनं वर्गात हात वर करून फार चांगली शंका काढली होती. "मॅडम, आधी बाईचं आणि पुरुषाचं फुल तिकीट एकच होतं. मग आधी बायका किती होत्या हे मशीनला कसं कळणार?" बरोबर आहे. महिलांचं सवलतीचं तिकीट वेगळं निघायला लागलं तेव्हापासून मोजता येतं. त्याआधी फुल तिकीट ते फुल तिकीट. म्हणजे तुम्हाला हवी असलेली आधीची संख्या तिकिटांच्या नोंदीत सापडण्याची आशा नाही, दुसरीकडून मिळवावी लागेल: प्रवाशांना आठवून सांगायला लावून, अनुभवी कंडक्टरांना विचारून, कॉलेजच्या पासच्या नोंदींवरून. यातला प्रत्येक मार्ग थोडा लंगडा आहे. कुठला किती लंगडा ते अहवालात लिहा. परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत, निदान मी तरी कापत नाही.

हाच प्रश्न कुठल्याही योजनेला लावून बघा. डिसेंबर २०१४ मध्ये गावोगाव पाणी अडवण्या-जिरवण्याचं जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं, दर वर्षी ५,००० गावं टंचाईमुक्त करायचं उद्दिष्ट होतं. विहिरीचं पाणी वाढलं की नाही? पण पाऊस कमी-जास्त झाला असेल तर? २०१८ मध्ये पावसानं ओढ दिली आणि ऑक्टोबरअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुढं कॅगनं, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेनं, या अभियानावर टीका करणारा अहवाल दिला. समर्थक आणि टीकाकार दोघांनाही विचारायचा प्रश्न एकच: तेवढाच पाऊस पडलेल्या, पण कामं न झालेल्या गावाच्या तुलनेत काय झालं?

शंभर बायका, चाळीस रुपये

गणिताची भीती असलेल्यांनी हा भाग कागद-पेन घेऊन वाचा. आकडे मी समजुतीसाठी घेतलेले आहेत, खरे नाहीत.

समजा एका मार्गावर रोज १०० बायका ४० रुपयांचं तिकीट काढायच्या. एसटीला मिळायचे ४,००० रुपये. सवलत आली, तिकीट २० रुपये झालं आणि बायका १३० झाल्या. आता बायकांकडून २,६०० आणि सरकारकडून २,६००, असे एसटीला ५,२०० मिळतात. सरकारचा खर्च २,६००.

या २,६०० चे दोन भाग करा. पूर्वीच्या १०० जणी तशाही जाणारच होत्या. त्यांच्या प्रत्येकीचे २० रुपये वाचले, म्हणजे २,०००. नव्या ३० जणींसाठी गेले ६००. आता सांगा, हा खर्च योग्य की अयोग्य?

उद्दिष्ट "बाईच्या हातात पैसे उरावेत" असं असेल, तर २,००० रुपये अगदी हवे तिथं गेलेत. उद्दिष्ट "घरातून न निघणारी बाई बाहेर पडावी" असं असेल, तर ३० जास्तीच्या फेऱ्यांसाठी २,६०० लागले, म्हणजे एका फेरीला जवळपास ८७ रुपये. तिकीटच मुळात ४० चं आहे. मग हाच पैसा जास्तीची गाडी सोडायला वापरला असता तर? आकडे तेच, उद्दिष्ट बदललं की निकाल बदलतो. म्हणून उद्दिष्ट न सांगता "योजना यशस्वी" असं लिहिणारं टिपण मी परत देते.

आता नव्या बायका ३० नसून १० आहेत असं धरून करा. सरकारचा खर्च २,२०० आणि एका नव्या फेरीला २२० रुपये. ६० धरून करा: ३,२०० आणि साधारण ५३ रुपये. तुमची शिफारस या तिन्ही वेळा टिकते का बघा. टिकत नसेल तर नव्या बायका नेमक्या किती, ही माहिती मिळवणं हेच तुमचं मुख्य काम आहे आणि सगळा वेळ तिथं घालवा. टिकत असेल तर तो आकडा बिनचूक नसला तरी फार बिघडत नाही.

याच हिशोबाला पुढं दोन फाटे फुटतात. एक म्हणजे सवलत टक्क्यांत आहे. जिचा प्रवास लांबचा आणि गाडी भारीची, तिचे रुपये जास्त वाचतात. पुणे-मुंबई शिवनेरीनं जाणारीला एका फेरीत जेवढे वाचतात तेवढे वाचवायला आमच्या गिरवी-फलटण करणारीला पुष्कळ फेऱ्या कराव्या लागतील. आणि जिच्या वस्तीवर एसटी जातच नाही तिला काहीच नाही. दुसरं, पैसा कुणाचा? राज्याच्या तिजोरीत जीएसटी सगळेच भरतात, ती वस्तीवरची बाईसुद्धा.

हा प्रश्न आपल्या मातीत जुना आहे. १८८२ मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्याचा गाभा हाच होता: सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. कोण भरतं, कुणाला मिळतं. आज ज्याला लाभाच्या वाटपाचं विश्लेषण म्हणतात ते त्यांनी तेव्हा करून दाखवलं, आणि त्यावरून प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी नेमकी मागणीही केली. निरीक्षणावरून मागणीपर्यंत कसं जायचं हे शिकायचं असेल तर ते निवेदन मुळातून वाचा.

इतर राज्यांनी हेच कसं केलं तेही बघा, पर्याय मांडताना उपयोग होतो. तमिळनाडूनं मे २०२१ पासून शहर-नगरांतल्या साध्या बसमध्ये महिलांना तिकीटच माफ केलं. कर्नाटकानं ११ जून २०२३ ला शक्ती योजना आणली, तीही साध्या गाड्यांपुरती मोफत, आलिशान गाड्या वगळून. दिल्लीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये महिलांच्या मोफत प्रवासासाठी गुलाबी तिकीट आणलं. साध्या गाडीपुरती सवलत ठेवली की ज्यांना परवडतं ते आपोआप दुसऱ्या गाडीत बसतात. उत्पन्नाचा दाखला मागावा लागत नाही. आपल्याकडं सगळ्या गाड्यांना अर्धं. कुठलं बरं? मला साध्या गाडीला मोफत आणि शिवनेरीला पूर्ण भाडं हे जास्त न्याय्य वाटतं. पण त्यात एसटीचं उत्पन्न आणि साध्या गाडीतली गर्दी यांचं काय होईल ते मांडल्याशिवाय माझ्या वाटण्याला किंमत नाही. तुमच्याही वाटण्याला तोच नियम.

स्टँडवर

आगार व्यवस्थापकांना भेटून जा. प्राचार्यांच्या सहीचं पत्र, सोबत ओळखपत्र, आणि दोन वाक्यांत काय करणार ते. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी गर्दीच्या वेळी जाऊन प्रश्न विचारू नका, त्या माणसाला तेव्हा श्वास घ्यायलाही सवड नसते. दुपारी जा.

मोजणी करायची तर वेळा वाटून घ्या: पहाटेची पहिली गाडी, कॉलेजची वेळ, भर दुपार, परतीची संध्याकाळ. बाजाराचा दिवस आणि बिनबाजाराचा दिवस दोन्ही घ्या. फक्त अकरा ते एक बसलात तर दवाखान्याला आलेल्या म्हाताऱ्या आणि माहेरी निघालेल्या लेकी एवढ्याच दिसतील. कंपनीत पहिल्या पाळीला जाणारी बाई तुमच्या वहीत येणारच नाही.

प्रश्नावली करताना "सवलतीचा फायदा झाला का?" हा प्रश्न खोडून टाका. सगळ्या हो म्हणतात. कोण नाही म्हणेल? त्याऐवजी शेवटच्या प्रवासाबद्दल विचारा. मागच्या वेळी कुठं गेला होता? कशासाठी? सोबत कोण? हेच काम आधी कसं करायचा, का करायचाच नाही? आधी हे काम घरात कोण करायचं?

हा शेवटचा प्रश्न आमच्या मुलींनी घातला, आणि त्यातून जे निघालं ते माझ्या डोक्यातही नव्हतं. एका काकूंनी सांगितलं, बँकेचं, खताच्या दुकानाचं, पोराच्या शाळेतल्या दाखल्याचं काम आता त्याच करतात. मालक म्हणतात, "तुझं तिकीट अर्धं आहे, तूच जाऊन ये." काकू हे सांगताना खूशही होत्या, कारण बँकेत सही करायला आता त्यांना कुणी लागत नाही. आणि दमलेल्याही होत्या, कारण घरी गेल्यावर भाकरी त्यांनाच थापायच्या होत्या. वाढलेली एक फेरी तुमच्या तक्त्यात "१" म्हणून बसते. ती मोकळीक आहे की वाढलेलं काम आहे, का दोन्ही, हे त्या "१" मध्ये दिसत नाही. म्हणून मोजणीसोबत मुलाखती लागतात. केंद्र सरकारचं वेळ-वापर सर्वेक्षण, पहिलं २०१९ चं आणि त्यानंतर २०२४ चं, घरकामावर बायका आणि पुरुष किती वेळ घालवतात ते सांगतं. काकूंचं बोलणं त्या आकड्यांशेजारी ठेवून वाचा.

स्टँडवर फक्त एसटीचे प्रवासी भेटतात, हेही विसरू नका. ज्या येत नाहीत त्यांना भेटायला गावात जावं लागतं. मेथीच्या जुड्या घेऊन पहाटे निघणाऱ्या एका मावशींना आमच्या गटानं विचारलं, अर्धं तिकीट असताना वडापनं का जाता? त्या म्हणाल्या, "एसटी येईपर्यंत सौदं उरकत्यात. वडापवाला बांधावर थांबतो, गाठोडं बी घेतो." दोन वाक्यांचा हा जबाब सबंध तक्त्यापेक्षा मोलाचा आहे. भाडं निम्मं केलं तरी गाडी वेळेला नसेल तर त्या भाड्याचा उपयोग नाही, आणि हे त्यांच्या तोंडून आल्यावर "फेऱ्यांची वेळ बदला" हा पर्याय तुमच्या यादीत पहिल्यांदा येतो.

नावं लिहू नका. गाव, साधारण वय, काम एवढं पुरे. आणि कुणाला बोलायचं नसेल तर आभार मानून पुढं व्हा.

माहितीचा अर्ज पहिल्याच महिन्यात

माहितीच्या अधिकारात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. मिळालं नाही किंवा अपुरं मिळालं तर पहिलं अपील, म्हणजे आणखी दिवस. सत्र पाच महिन्यांचं नसतंच मुळी, त्यामुळं अर्ज पहिल्या महिन्यातच टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं, एकच विषय, १५० शब्दांच्या आत.

"सवलत का दिली?" असं विचारू नका. अधिकारी मत द्यायला बांधील नाही, असलेला कागद द्यायला बांधील आहे. म्हणून कागद मागा: "आगारातून एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या कालावधीत निघालेल्या महिला सन्मान सवलत तिकिटांची महिनावार संख्या व सवलतीची रक्कम, उपलब्ध नोंदीनुसार." एवढंच. कालावधी, ठिकाण, नोंद. अर्ज टाकायच्या आधी ती माहिती संकेतस्थळावर आधीच आहे का ते बघा. राज्याच्या आर्थिक पाहणीत परिवहनाच्या प्रकरणात एसटीचे बरेच आकडे असतात. दर वर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येणारी ही पाहणी मराठीत मिळते. ती जवळ ठेवा.

सोबत काय काय शिकावं, असं मुलं विचारतात. सूक्ष्म अर्थशास्त्रातली मागणी आणि लवचिकता, संख्याशास्त्रातली सरासरी, मध्यक आणि नमुना निवड, राज्यघटनेतली केंद्र-राज्य विषयांची वाटणी, आणि एक्सेल. पदवीला एवढं पक्कं असलं की पुरतं.

टिपण दोन पानांचं

चाळीस पानांचा प्रकल्प विद्यापीठाला हवा असेल तर द्या. पण त्याआधी दोन पानांचं टिपण लिहा, आणि ते एका खुर्चीला उद्देशून लिहा. आगार व्यवस्थापकाला लिहिताय का परिवहन सचिवांना? सवलतीचा टक्का आगार व्यवस्थापकाच्या हातात नाही, पण पहाटेच्या गाडीची वेळ बदलायचा प्रस्ताव तो वर पाठवू शकतो. ज्याच्या हातात जे नाही ते त्याला सुचवून उपयोग नाही.

शिफारस पहिल्या ओळीत. मग समस्या, तीन पर्याय, आणि त्यातला एक "आहे तसंच चालू ठेवा" हा हवाच. प्रत्येक पर्यायाला तीच मोजपट्टी: खर्च किती, लाभ कुणाला, राबवता येईल का, विरोध कोण करेल. वडापवाले विरोध करतील का, हे लिहायला संकोचू नका. त्यांचंही पोट त्यावर आहे आणि त्यांचं नुकसान हा खर्चाचाच भाग आहे. शेवटी तुमच्या आकड्यांतलं कच्चं काय ते.

भाषा साधी ठेवा. "उपाययोजना करण्यात यावी" असं लिहिलं की कुणी करायची ते नाहीसं होतं. "फलटण आगारानं पहाटेची गाडी अर्धा तास आधी सोडावी" असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला हो किंवा नाही म्हणता येतं. टिपणाची एक प्रत आगारात नेऊन द्या आणि ज्या गावात मुलाखती घेतल्या तिथं जाऊन काय निघालं ते तोंडी सांगा. आमच्या मुलींनी सांगितलं तेव्हा बायकांनी त्यांच्या दोन निष्कर्षांना तिथल्या तिथं हरकत घेतली, आणि दोन्ही हरकती रास्त होत्या. अहवालात त्या तशाच घातल्या.

पुढच्या सत्रासाठी विषय शोधत असाल तर एक तयार आहे. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीची भाडेवाढ झाली, १४.९५ टक्के. पुरुषांचं पूर्ण भाडं वाढलं, बायकांचं अर्धं त्याच टक्क्यानं वाढलं, ७५ वर्षांपुढच्यांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफतच आहे. एकाच दिवशी तीन गटांवर तीन वेगळे परिणाम, आणि यावेळी महिलांच्या तिकिटाची आधीची नोंदही आहे. माहितीचा अर्ज आजच लिहायला घ्या.